खेचरांचा बेंदूर

शिंगं नसलेल्या जनावराचा बेंदूर कसा करायचा, यावरून त्या दिवशी सकाळीच आमच्यात जुंपली.

"शिंगं न्हाईत तर कान रंगवू," लांगरी म्हाळू म्हणाला.

"कानात रंग गेला की लाथ बसंल," तात्या म्हणाले. "मग पोळ्या कोन लाटनार? तू गप चुलीकडं जा."

शेवटी खुरं रंगवायची ठरली. गाड्यांवर खुणा करायचा लाल रंग आमच्याकडे डबाभर शिल्लक होता. नऊ खेचरं, छत्तीस खुरं. तात्या स्वतः उकिडवे बसून एकेक पाय मांडीवर घेत होते आणि जनावरं चक्क उभी राहत होती. आमच्या गावाकडं एखाद्यानं हे बघितलं असतं तर हसून हसून लोळला असता. आम्हाला मात्र त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घर सोडून तीन वर्षं झाली होती आणि सण करायला हाताशी तेवढीच जनावरं होती.

साल पंचेचाळीस, महिना जूनचा. इटलीतल्या डोंगराच्या पायथ्याशी एका कालव्याच्या काठावर आमचा तळ होता. युरोपातली लढाई संपली होती. जर्मनांनी हत्यारं टाकली होती, शहरात अमेरिकन जनरल एकमेकांना मेजवान्या देत होते, आणि आम्ही बंदराकडे नेणाऱ्या गाड्यांची वाट बघत होतो. आमची तुकडी खेचरांची. जिथं गाडी चढत नाही तिथं दाणागोटा आणि दारूगोळा घेऊन वर जायचं आणि येताना जखमी माणसं खाली आणायची. आम्ही हिंदुस्थानी, आमचे कॅप्टनसाहेब इंग्रज, आणि हुकूम अमेरिकन जनरल हॅस्किन यांचा, अशी सगळी खिचडी होती. त्यात कॅप्टनसाहेब कावीळ होऊन दवाखान्यात पडलेले. त्यामुळे तळाचा कारभार हवालदार तातोबा खोराटे यांच्याकडे होता. त्यांनाच आम्ही तात्या म्हणत असू. कागलकडचे, चाळिशी ओलांडलेले, सहा महिन्यांनी पेन्शनवर जाणारे. मी सदाशिव मगदूम, नाईक. सातवीची फायनल परीक्षा देऊन थोडं इंग्रजी शिकलो होतो, म्हणून दुभाष्या. तात्या मला मास्तर म्हणत, आणि चिडले की जरा जास्तच मास्तर म्हणत.

धडधाकट खेचरं सरकारनं आधीच तिथल्या शेतकऱ्यांना देऊन टाकली होती. उरली होती ती लंगडी, म्हातारी, सुरुंगाच्या ठिकऱ्या लागलेली. त्यांतच तात्यांची चंद्री होती. कपाळावर पांढरा ठिपका, डावा डोळा गेलेला, मागचा पाय ओढत चालायची. हिवाळ्यात एका नदीच्या उतारावर ही चंद्री अडून बसली होती. तात्यांनी काठीनं बडवली तरी हलेना. तेवढ्यात मागचं खेचर बाजूनं पुढं गेलं आणि चार कदमांवर सुरुंगानं उडालं. चंद्रीचा डोळा आणि पाय त्यातच गेला. तात्यांना खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून तात्यांनी हातात काठी धरली नाही.

आदल्या संध्याकाळी चंद्र बघून तात्या म्हणाले होते, "उद्या बेंदूर." मग काय, रेशनातलं तूप निघालं, हळद निघाली. बैलाचे खांदे मळतात. खेचराच्या खांद्यावर जू नसतं, म्हणून आम्ही जिथं खोगीर घासतं ती पाठ मळली. आणि गावाकडच्या रीतीनं तात्यांनी प्रत्येकाच्या तोंडापुढं उभं राहून सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." चंद्रीला त्यांनी ते दोनदा सांगितलं. एक कान तिचा नीट चालत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

तर खुरं रंगवून होत आली होती, पाट्यावर पुरण वाटलं जात होतं, आणि मेजर पील यांची जीप आली. मेजर पील म्हणजे जनरलसाहेबांच्या कचेरीतला तरणाबांड अधिकारी. बोलायला मोकळा, पण घाईत असायचा. त्यानं लाल खुरं बघितली, तोंड उघडलं, मिटलं, आणि मला हुकूम सांगितला. उद्या तळ उठणार. उरलेली खेचरं आज संध्याकाळपर्यंत गोळ्या घालून संपवायची. ज्यानं जनावर सांभाळलं त्यानंच घालायची, कारण ओळखीच्या माणसापुढं ते शांत उभं राहतं.

मी तात्यांना सांगितलं. त्यांनी हातातला पाय खाली ठेवला, रंगाच्या डब्यावर झाकण लावलं आणि उठले.

"मास्तर, साहेबाला सांग, जमनार न्हाई."

"तात्या, हुकूम आहे."

"हुकूम हाय ते कळलं. काल आवतण दिलंय. जेवायला बोलवून मारायचं व्हय?"

मी जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. मेजर लाल झाला. लढाई संपली असली तरी लष्कर संपलेलं नाही, हुकूम मोडला तर कोर्ट मार्शल होईल, फीत जाईल, पेन्शन जाईल, हे सगळं त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. मी तेही तात्यांना सांगितलं.

"जाऊ दे," तात्या म्हणाले.

मेजर जीप वळवून गेला. म्हाळूनं पुरण वाटायचं थांबवलं. "वाट की," तात्या त्याच्यावर खेकसले. "पावनं उपाशी ठेवतोस काय?"

पोळ्या तव्यावर पडायला लागल्या तेव्हा जीप परत आली. या वेळी शेजारी जनरल हॅस्किन बसले होते. मी त्यांना जवळून पहिल्यांदाच बघत होतो. उंच, वाळलेला माणूस, भुवया पांढऱ्या. शहरातल्या मेजवानीला निघालेले दिसत होते. कपडे कडक इस्त्रीचे, छातीवर फिती. आम्ही सॅल्यूट ठोकले. त्यांनी सॅल्यूट घेतला आणि सरळ खेचरांच्या रांगेकडे गेले. एका खेचराचा पाय उचलून खूर बघितलं. बोटाला लाल रंग लागला. तो त्यांनी इस्त्रीच्या विजारीला पुसला, तेव्हा मेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. वर्षातून एक दिवस जनावराला काम नसतं, त्याला सजवतात, गोड जेवण घालतात. आदल्या दिवशी रीतसर जेवणाचं आमंत्रण देतात.

"जनावराला?"

"हो सर."

"आणि आमंत्रण दिलं की मारायचं नाही."

"हो सर."

"किती दिवस?"

हे मला माहीत नव्हतं. मी तात्यांना विचारलं. तात्या जनरलसाहेबांकडे बघून बोलले, माझ्याकडे नाही.

"दिवसाचा सवाल न्हाई. ज्या हातानं आवतण दिलं त्या हातानं मारायचं न्हाई. ज्यानं वाढलं त्येनं न्हाई. ज्यो पंगतीला बसून जेवला त्येनंबी न्हाई. उद्या न्हाई, परवा न्हाई, कवाच न्हाई."

मी शब्दाला शब्द सांगितला. जनरलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"यांच्यापैकी आमंत्रण कुणी दिलं?"

"मी दिलं," तात्या म्हणाले. "पाठ समद्यांनी मळली. वाढनार समदे."

"म्हणजे तुमच्यातला एकही नाही."

"एकबी न्हाई."

मेजर मध्येच म्हणाला की दुसऱ्या तळावरची माणसं आणता येतील. जनरलसाहेबांनी मान हलवली. आदल्या दिवशी दुसरीकडे हेच काम नवख्या पोरांना दिलं होतं. एका जनावराला चार गोळ्या लागल्या आणि ते तरीही रानात पळालं. "पुन्हा तसं नको," ते म्हणाले.

तात्यांनी मग मला विचारायला लावलं, "साहेब, कुना शेतकऱ्याला देऊन टाका की. फुकट द्या."

"सांग त्याला, विचारून झालं. लंगडं खेचर इथं कुणी पोसणार नाही. शहरात लोकांना खायला नाही. मी फुकट दिलं तर संध्याकाळी ते कुणाच्या तरी हंड्यात असेल. त्याआधी आठवडाभर गाडीला जुंपून मारतील."

ते खरं होतं. गावात मांजर उरलं नव्हतं, हे आम्हीही बघत होतो.

"आज कुणी हात लावायचा नाही," जनरलसाहेब म्हणाले. "आजचा सण होऊ दे. उद्या उजाडल्यावर काम होईल. हुकूम बदलणार नाही, तेवढं त्याला नीट समजावून सांग."

मी सांगितलं. तात्यांनी टाचा जुळवल्या. आणि मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे, भांडण वेगळं आणि दारात आलेला माणूस वेगळा, ते म्हणाले, "मास्तर, साहेबास्नी म्हनावं, आलाच हाय तर जेवून जावा. पान वाढतो."

म्हाळूनं दोन मेसटिनं, म्हणजे आमची जेवणाची पत्र्याची भांडी, पुसून त्यांत गरम पोळ्या घातल्या, वर तूप सोडलं. वास असा सुटला होता की मेजरचा राग तिथल्या तिथं विरघळला. तो दारूगोळ्याच्या पेटीवर टेकला आणि पहिल्या घासाला काहीतरी अमेरिकन उद्गार काढून जेवायलाच लागला. तीन पोळ्या खाल्ल्या त्यानं.

जनरलसाहेबांनी मेसटिन हातात घेतलं. पोळीकडे बघितलं. मग रांगेतल्या खेचरांकडे बघितलं. तूप थिजायला लागलं.

"नाही," ते म्हणाले. "आभार मान त्याचे. मला जमणार नाही."

मेसटिन त्यांनी माझ्या हातात परत दिलं. म्हाळूनं पाण्याचा पेला पुढं केला, तोही घेतला नाही. जीपमध्ये जाऊन बसले. तोंड पुसत मेजर मागून पळाला.

धूळ खाली बसली. मग एकेकाची जीभ सैल झाली. शहरात जाऊन दारू ढोसतील, बोकडाएवढे मांसाचे तुकडे खातील, आणि आमच्या हातची पोळी विटाळ करते काय यांना? दोन वर्षं यांच्या पोरांना डोंगरावर भाकरी पोचवली ती याच हातांनी. मी तर सगळ्यांत जास्त बोललो. इंग्रजी येत असल्यामुळे मला त्यांचा सगळा गर्व जणू आतून माहीत होता.

"मेजर बरा म्हनायचा," म्हाळू म्हणाला. "दम देतो, पर मानूस हाय. ह्यो म्हंजे नुसतं लोखंड."

तात्या एवढंच म्हणाले, "वाढलेलं पान परत दिलं." त्यांना ते फार लागलं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या, पण वाढलेलं पान कुणी परत दिलं नव्हतं. ते मेसटिन त्यांनी उचललं आणि त्यातली पोळी मोडून चंद्रीला घातली. तिनं तात्यांचा तळवाही चाटून काढला.

सण झाला. नऊही पाहुणे पोटभर जेवले, नंतर आम्ही जेवलो. उन्हं कलल्यावर त्यांना तळाभोवती मिरवून आणलं. म्हाळूनं रिकामा डबा वाजवला. कालव्यापलीकडची बायामाणसं कडेला येऊन बघत होती आणि हसत होती. आम्हीही हसलो. चंद्री सगळ्यांत शेवटी, आपल्या लाल खुरांनी धूळ ओढत.

संध्याकाळी तात्यांनी बाहीवरची हवालदारीची फीत कात्रीनं उसवली, नीट घडी घातली आणि माझ्याकडे दिली.

"सकाळी मागतील. उगा कपडा फाडून काडाय नको."

"तात्या, ऐका माझं," मी म्हणालो. "चंद्री काही वाचत नाही. तुम्ही नाही तर दुसरं कुणी करेल. सहा महिन्यांवर पेन्शन आलीय, दोन पोरी लग्नाच्या आहेत. एक गोळी झाडायची आणि डोळे मिटायचे."

"तिचा एकच डोळा ऱ्हायलाय, मास्तर. त्यो तिनं माझ्याकडं लावला म्हंजे?"

मी फीत शर्टाच्या खिशात ठेवली.

"पेन्शनीचं मी घरात सांगीन," ते म्हणाले. "शेती हाय थोडी. हे कुनाला आनि कसं सांगू?"

सकाळी दंव होतं. जीपचा आवाज आला तेव्हा आम्ही रांगेत उभे होतो. तात्या पुढं, बाही मोकळी, हात शिवणीला. मला वाटलं होतं मेजर येईल, चार शिपाई येतील, बेड्या येतील. जीपमध्ये एकच माणूस होता. जनरल हॅस्किन स्वतः गाडी चालवत आले होते. अंगात साधा खाकी शर्ट, कालच्या फिती नाहीत. मागच्या सीटवरून त्यांनी एक रायफल उचलली.

तात्यांच्या मोकळ्या बाहीकडे त्यांनी बघितलं.

"त्याला विचार," ते मला म्हणाले, "जनावर माझ्यापर्यंत आणून सोडायला त्याच्या रिवाजाची हरकत आहे का? त्याच्याबरोबर ती शांत येतील."

मी विचारलं. तात्या गोंधळले. आधी रायफलीकडं, मग मोकळ्या जीपकडं, मग जनरलसाहेबांकडं बघत राहिले.

"मारनार कोन, म्हनावं?"

"मी," जनरलसाहेब म्हणाले. "ही माझ्या हुकमानं डोंगरावर गेली होती."

तात्या म्हणाले, "हरकत न्हाई. पावन्याला येशीपातूर पोचवाय जायाच लागतं."

कालव्याच्या काठाला पॉपलरच्या झाडांची रांग होती. तिथं जनरलसाहेब उभे राहिले. तात्या एकेक खेचर घेऊन जायचे. जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलत जायचे. झाडापाशी दोरी जनरलसाहेबांच्या हातात द्यायचे, वळायचे आणि मागं न बघता परत यायचे. मग एक आवाज व्हायचा. दरवेळी एकच. जनरलसाहेबांचा हात लहानपणापासून जनावरांत वावरलेला असावा. दोरी कशी धरायची, कुठं उभं राहायचं, ते त्यांना ठाऊक होतं.

चंद्रीला तात्यांनी शेवटी ठेवलं. तिला घेऊन गेले ते फार हळू गेले, तिच्या पायाच्या चालीनं. झाडापाशी पोचल्यावर तिच्या कानाला तोंड लावून बोलले, मग दुसऱ्या कानाला. दोरी दिली आणि परत फिरले. अर्ध्या वाटेत आवाज झाला. तात्या क्षणभर थांबले, आणि मग चालत आले. त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना गरज वाटत नव्हती.

जनरलसाहेब मागून आले. रायफल जीपमध्ये ठेवली. मग ते माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"कालचं ते काही उरलंय का? आता मी जेवलो तर चालेल का, त्याला विचार."

मला तात्यांचं कालचं वाक्य आठवलं. ज्यो पंगतीला जेवला त्येनंबी न्हाई. काल दुपारी, त्याच जागी उभा राहून, हे वाक्य त्या माणसाला मीच शब्दाला शब्द सांगितलं होतं. आणि नंतर त्याच्या गर्वावर मीच तोंडसुख घेतलं होतं.

"काय म्हनतोय?" तात्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

तात्यांनी जनरलसाहेबांच्या तोंडाकडं बघितलं. मग खाली मान घालून म्हणाले, "मास्तर, काल आपुन ह्येला काय काय बोललो रं." आणि लगेच म्हाळूवर ओरडले, "बगत काय हुबा ऱ्हायलास? चूल पेटीव!"

शिळ्या पोळ्या तव्यावर गरम झाल्या. तात्यांनी तांब्या घेऊन जनरलसाहेबांच्या हातावर स्वतः पाणी घातलं. पेटी पुसून त्यांना बसवलं, पान वाढलं, आणि शेजारी स्वतः बसले. एक जनरल आणि एक बिनफितीचा हवालदार. जनरलसाहेबांनी दोन पोळ्या खाल्ल्या. दुसरी त्यांना जड गेली, तरी टाकली नाही. उठताना माझ्या खिशातून डोकावणारी ती फीत त्यांनी हात पसरून मागितली, कुणाची आहे हे न विचारता ओळखलं होतं, आणि तात्यांच्या हातात ठेवली.

"गाड्या सुटायच्या आत शिवून घ्यायला सांग," ते म्हणाले. त्यानंतर आम्ही त्यांना कधी बघितलं नाही.

तात्यांना पेन्शन मिळाली. पोरींची लग्नं झाली, नातवंडं झाली. मी पुढं खरोखरच मास्तर झालो, आणि दर बेंदराला त्यांच्या गावी जायचो. आदल्या संध्याकाळी तात्या बैलांचे खांदे मळायचे, एकेकाला आवतण द्यायचे. सगळं झालं की अंगणाच्या टोकाला जायचे, मावळतीकडं तोंड करायचे आणि त्याच आवाजात म्हणायचे, "चंद्रे, आवतण घे. हॅस्किनसाहेब, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी दोन पानं जास्त वाढली जायची. हॅस्किन हा आजोबांचा कुणी जुना, गुणी बैल असणार, अशी नातवंडांची पक्की समजूत होती, आणि तात्यांनी ती कधी मोडली नाही.